मोडून पाहिलेली दुरुस्ती

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात २२ फेब्रुवारी २०११ रोजी भूकंप झाला आणि 'सीटीव्ही' नावाची सहा मजली इमारत काही सेकंदांत खाली बसली. त्या भूकंपात एकूण १८५ माणसं गेली, त्यांतली ११५ या एकाच इमारतीत. इमारत काही जुनीपुराणी नव्हती. १९८०च्या दशकातली, परवानगी घेऊन बांधलेली. साडेपाच महिन्यांपूर्वी, ४ सप्टेंबर २०१० रोजी, शहराजवळ ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला होता. त्यानंतर तिची पाहणी झाली होती आणि ती वापरण्यायोग्य ठरवली गेली होती. पुढे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने तिच्या ज्या दुबळ्या जागांवर बोट ठेवलं, त्यांत बीम आणि कॉलम एकमेकांना मिळतात ते सांधे ठळकपणे होते.

दैवाचा खेळ असा, की काँक्रीटच्या सांध्यांचं गणित जगाला शिकवणारी माणसं याच शहरातली. कँटरबरी विद्यापीठातले रॉबर्ट पार्क आणि थॉमस पॉली यांचं १९७५ सालचं पुस्तक आजही भूकंप-अभियंत्यांच्या कपाटात असतं.

पडलेल्या इमारतींइतकाच अवघड प्रश्न न पडलेल्या इमारतींनी उभा केला. क्राइस्टचर्चच्या मध्यभागातल्या बहुमजली काँक्रीट इमारतींपैकी सुमारे ६० टक्के पुढे पाडण्यात आल्या. त्यांतल्या कित्येक दुरुस्त होण्याजोग्या होत्या. पण तडा गेलेल्या सांध्यात किती दम उरला आहे आणि डागडुजी केल्यावर त्यातला किती परत येईल, हे मालक, विमा कंपनी आणि अभियंता या तिघांना पटेल अशा भाषेत सांगणं फार कठीण होतं. या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर कागदावर मिळत नाही. प्रयोगशाळेत सांधा ओतायचा, तो मोडायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा मोडायचा, हाच त्याचा मार्ग. गेली काही दशकं अनेक देशांत हे उद्योग चालू आहेत आणि त्यात तंतुमिश्रित मॉर्टरने केलेल्या दुरुस्तीला मोठं स्थान मिळालं आहे.

सांध्याला एवढा त्रास का होतो, हे आधी पाहायला हवं. इमारतीच्या कडेच्या कॉलमला एक बीम येऊन मिळतो अशी जागा घ्या. जमीन हलली की मजला एका बाजूला सरकतो, बीम वाकतो, त्याच्या वरच्या सळया सांध्यातून बाहेर ओढल्या जातात आणि खालचा भाग सांध्यात रेटला जातो. अर्ध्या हेलकाव्यानंतर नेमकं उलट. २० मिलिमीटरच्या चार सळया, पोलाद ४१५ ग्रेडचं, आणि त्या पूर्ण ताणल्या गेल्या तर त्यांची ओढ भरते सुमारे ५३ टन. ही जवळजवळ सगळी ओढ बीमच्या खोलीएवढ्या उंचीच्या ठोकळ्यातून आडवी पार व्हायची असते. काँक्रीट दाबाला जेवढं टिकतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढंच ताणाला टिकतं. त्यामुळे ठोकळ्यात कर्णाच्या दिशेने भेग पडते. हेलकावा उलटला की दुसऱ्या कर्णावर पडते. चार-सहा हेलकाव्यांत सांध्याच्या तोंडावर मोठी फुली उमटते, गाभ्यातलं काँक्रीट भुगा होऊ लागतं आणि सळईला धरून ठेवायला काही उरत नाही.

बीम मोडला तर त्याच्यावरचा स्लॅब झुकतो, पण बाकीचं घर बहुधा उभं राहतं. सांधा मात्र कॉलमचाच भाग असतो. वरच्या सगळ्या मजल्यांचं ओझं त्यातूनच खाली उतरतं. म्हणून इमारत आखताना मोडायचंच असेल तर बीमने मोडावं, कॉलमने आणि सांध्याने नाही, अशी तजवीज करतात. आपल्याकडच्या आयएस १३९२० या मानकाच्या २०१६च्या आवृत्तीने तर सांध्यात मिळणाऱ्या कॉलमांची वाकण्याची ताकद तिथल्या बीमांच्या किमान १.४ पट असावी असा आकडाच घालून दिला.

सांधा वाचवण्याचा उपाय सोपा वाटतो: कॉलमच्या रिंगा (उभ्या सळयांना घातलेले पोलादी वेढे) बीमपाशी न थांबवता सांध्यातून सलग वर न्यायच्या. त्या फुलीवरच्या भेगा धरून ठेवतात आणि गाभा आवळून ठेवतात. प्रत्यक्षात साइटवर काय होतं? कॉलमच्या रिंगा बीमच्या तळापर्यंत बांधून होतात, मग बीमचा पिंजरा वरून उतरवला जातो, तीन-चार दिशांनी आलेल्या सळयांचे आकडे त्याच वीतभर जागेत घुसतात आणि फिटरचा हात आत जात नाही. रिंगा राहून जातात. काँक्रीट ओतल्यावर कोणाला दिसणारही नसतात. आयएस १३९२० हे मानक पहिल्यांदा प्रसिद्ध झालं १९९३मध्ये, म्हणजे किल्लारीच्या भूकंपाच्याच वर्षी. (किल्लारीत पडली ती दगड-मातीची घरं, या सांध्यांचा तिथे संबंध नव्हता.) सांध्यातून रिंगा न्या हे तेव्हाही सांगितलं होतं, पण सांध्यावर येणाऱ्या कातर-बलाचा, म्हणजे वर सांगितलेल्या आडव्या ओढीचा, स्वतंत्र हिशेब करण्याचा नियम आला तो २०१६च्या आवृत्तीत. त्याआधी उभ्या राहिलेल्या इमारतींची संख्या डोळ्यांपुढे आणली की हा विषय केवळ संशोधकांच्या चर्चासत्रांपुरता का नाही ते कळतं.

सांध्यांवर भूकंपासारखा उलटसुलट भार देऊन पाहण्याचे पद्धतशीर प्रयोग अमेरिकेत पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या प्रयोगशाळेत हॅन्सन आणि कॉनर यांनी केले आणि १९६७मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हाची मांडणी थोड्याफार फरकाने आजही तशीच आहे. सगळी इमारत हलवणं परवडत नाही. पण इमारत डोलताना कॉलमच्या मध्यावर आणि बीमच्या मध्यावर वाक जवळपास शून्य असतो. तिथे बिजागरी बसवली तरी उरलेल्या भागाला फरक कळत नाही. म्हणून मधल्या मजल्याचा तेवढाच तुकडा घेतात: वर-खाली अर्धा-अर्धा कॉलम आणि बाजूला अर्धा बीम. कॉलमवर हायड्रॉलिक जॅकने वरच्या मजल्यांचं ओझं म्हणून दाब देतात. मग बीमचं टोक वर-खाली, नाहीतर कॉलमचा माथा डावी-उजवीकडे ढकलतात.

ढकलण्याचं मोजमाप टनांत नसतं, कलण्यात असतं. मजल्याच्या उंचीच्या किती टक्के तो बाजूला गेला, ते मोजायचं. एकेका टप्प्यावर तीन-तीन हेलकावे, मग पुढचा थोडा मोठा टप्पा. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मानकात ही चढण साडेतीन टक्क्यांपर्यंत न्यायला सांगितली आहे. तीन मीटरच्या मजल्यासाठी ते होतात साडेदहा सेंटिमीटर. आकडा लहान वाटेल, पण दारं अडकतात, फरशा उचकटतात आणि भिंती फुटतात त्या याच्या बऱ्याच आधी. हे सगळं अगदी सावकाश चालतं. प्रत्येक टप्प्यावर यंत्र थांबतं आणि संशोधक विद्यार्थी हातात पेन घेऊन भेगा रेखाटतात. एका दिशेच्या भेगांना एक रंग, उलट्या दिशेच्या भेगांना दुसरा. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम कमालीचं कंटाळवाणं वाटतं आणि बहुतेक वेळ ते असतंही.

दुरुस्तीच्या चाचणीत पहिली कसोटी कुठे थांबायचं याची असते. फार लवकर थांबलं तर चार बारीक भेगा बुजवून यश जाहीर करता येतं. फार ताणलं तर सळया वाकड्या होतात, कॉलम खचतो आणि दुरुस्तीला अर्थ उरत नाही. इथे वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. 'सांधा मजबूत केला' अशा मथळ्याखाली जे प्रयोग छापले जातात, त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांत कोऱ्या, न मोडलेल्या नमुन्यावर आवरण चढवलेलं असतं. ते मजबुतीकरण झालं. आधी मोडून मग जोडलेल्या सांध्याची गोष्ट वेगळी, कारण त्यात सळई आणि काँक्रीट यांची पकड आतून सुटलेली असते आणि ती बाहेरून दिसत नाही.

इपॉक्सी हा या दुरुस्तीतला जुना गडी. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात झालेल्या आणि १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत मध्यम नुकसान झालेल्या सांध्यांमध्ये इपॉक्सी दाबाने आणि निर्वात पद्धतीने भरून पाहिलं गेलं. दोन्ही पद्धतींनी ताकद आणि ताठपणा ८५ टक्क्यांहून अधिक परत आला. पण त्यासाठी गाभा जागेवर शाबूत असावा लागतो. भुगा झालेल्या काँक्रीटमध्ये इपॉक्सी भरून उपयोग नाही. तो भुगा काढूनच टाकावा लागतो. तंतुमिश्रित मॉर्टरचं काम सुरू होतं ते इथून.

साधं सिमेंट-वाळूचं मॉर्टर ताणाला लागलं की एका ठिकाणी फुटतं आणि ती एकच भेग रुंदावत जाते. त्यात तंतू असतील तर भेगेच्या दोन काठांना ते धरून ठेवतात, आणि ही धरून ठेवण्याची ताकद मॉर्टरच्या स्वतःच्या ताकदीहून जास्त असेल तर पुढची भेग त्याच जागी न रुंदावता शेजारी पडते. मग तिच्या शेजारी आणखी एक. एका मोठ्या भेगेऐवजी केसासारख्या असंख्य भेगा. मिशिगन विद्यापीठातले व्हिक्टर ली यांनी १९९०च्या दशकात हे गणित बसवून जे मॉर्टर तयार केलं, ते फुटण्याआधी ३ ते ५ टक्के लांबतं. साधं काँक्रीट लांबतं सुमारे ०.०१ टक्का. भेगांची रुंदी मात्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आतच राहते.

यात वापरले जाणारे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे तंतू जेमतेम ३९ मायक्रॉन जाड आणि ८ ते १२ मिलिमीटर लांब असतात. १२ मिलिमीटरचे तंतू दोन टक्के प्रमाणात घातले तर एका लिटर मॉर्टरमध्ये सुमारे १४ लाख तंतू होतात. गमतीचा भाग असा, की सिमेंटला हे तंतू इतके घट्ट चिकटतात की ताण येताच ते सुटण्याऐवजी तुटतात, आणि तुटलेला तंतू कामाचा नाही. म्हणून त्यांना मुद्दाम तेलाचा हात दिला जातो. तंतूने थोडं घसरत, घासत बाहेर यावं, यातच सगळा फायदा आहे. जपानमध्ये हिरोशिमाजवळच्या मिताका धरणाच्या खराब झालेल्या पृष्ठभागावर २००३मध्ये असंच मॉर्टर सुमारे २० मिलिमीटर जाडीत फवारलं गेलं. तिथे प्रश्न पाणी आत शिरण्याचा होता, भूकंपाचा नाही.

सांध्यांसाठी या मॉर्टरचे दोन सख्खे भाऊही वापरात आहेत. एक म्हणजे पोलादी तंतूंचं, फार उच्च ताकदीचं काँक्रीट. इटलीतल्या बेर्गामो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९६०-७०च्या दशकांतल्या इमारतींसारखे सांधे आणि कॉलम तयार करून त्यांच्याभोवती अशा काँक्रीटचं केवळ ३० ते ४० मिलिमीटरचं कवच चढवलं आणि चाचण्या घेतल्या. आपल्याकडे कॉलमला नेहमीचं जॅकेटिंग करताना नव्या सळया आणि रिंगा मावायला चारही बाजूंनी १०० मिलिमीटरपर्यंत जाडी वाढते. खोलीतली जागा जाते आणि इमारतीचं वजनही वाढतं. इटलीला याची निकड ठाऊक होती: ६ एप्रिल २००९च्या लाक्विला भूकंपात ३०९ जण गेले आणि रिंगा नसलेले कडेचे सांधे तिथे उघडे पडले. दुसरा भाऊ म्हणजे काच, कार्बन किंवा बेसॉल्टच्या धाग्यांची जाळी मॉर्टरच्या थरांत दाबून बसवण्याची पद्धत. कार्बनचं कापड इपॉक्सीने चिकटवण्यापेक्षा ती बऱ्याच ठिकाणी सोयीची पडते. इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं, म्हणजे आगीत त्याचा भरवसा नाही, आणि ओल्या पृष्ठभागावर ते नीट धरत नाही. सिमेंटच्या मॉर्टरला तर पृष्ठभाग ओलाच हवा असतो.

मोडलेल्या सांध्याच्या दुरुस्तीचं काम करताना पहिला दिवस जातो तो काढण्यात. सैल झालेलं सगळं काँक्रीट सळयांच्या मागपर्यंत टोचून काढायचं, शाबूत पृष्ठभागाला टाचे मारून तो खडबडीत करायचा, आतल्या भेगांत इपॉक्सी भरायचं. शक्य असेल तिथे दोन बाजूंनी इंग्रजी 'यू' आकाराच्या सळया घालून राहून गेलेल्या रिंगांची भरपाई करतात. जुनं काँक्रीट पाणी पिऊन तृप्त, पण वर पाणी साचलेलं नाही, अशा अवस्थेत आणून मग मॉर्टर दाबून भरायचं आणि दिवसच्या दिवस ओलं ठेवायचं. यातली शेवटची पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त वेळा तीच चुकवली जाते. या मॉर्टरमध्ये सिमेंट जास्त आणि पाणी कमी. ते लवकर सुकलं तर आक्रसून जुन्या काँक्रीटपासून सुटतं.

मग दुसरी मोड. पहिल्या वेळी दिला तसाच भार, त्याच टप्प्यांनी. समोरच्या पडद्यावर भार आणि सरक यांचा आलेख वळसे घेत जातो. लोखंडी तार पुढे-मागे वाकवली की ती हाताला गरम लागते. सांधाही वाकताना भूकंपाची ऊर्जा अशीच जिरवतो आणि किती जिरवली ते वळशाच्या पोटातल्या क्षेत्रफळावरून कळतं. वळसे गुबगुबीत असतील तर उत्तम. मध्येच चिमटा काढल्यासारखे बारीक झाले, तर सळया आत घसरत आहेत किंवा भेगा नुसत्याच उघडझाप करत आहेत. अमेरिकी मानकाची अट अशी, की साडेतीन टक्के कलण्याच्या तिसऱ्या हेलकाव्यातही सांध्याने आपल्या कमाल भाराच्या ७५ टक्के तरी पेलावा, आदर्श वळशाच्या किमान एक-अष्टमांश ऊर्जा जिरवावी आणि उलटण्याच्या क्षणी अगदीच लुळा पडू नये.

अहवालांत सर्वांत ठळक छापला जातो तो कमाल भाराचा आकडा: मूळ सांध्याने एवढा पेलला, दुरुस्त केलेल्याने त्याहून जास्त. हा आकडा सर्वांत कमी बोलका आहे. चांगलं मॉर्टर नीट भरलं की भार परत येतो, बहुधा वाढूनच येतो. ताठपणा मात्र रेंगाळतो, कारण बीमच्या आतल्या, न उघडलेल्या लांबीवर सळईची सुटलेली पकड तशीच असते. आणि खरी माहिती असते ती दुसऱ्यांदा मोडलं कुठे यात. सांधा शाबूत राहून बीमच्या तोंडाशी वाकण्याच्या भेगा पडल्या, तर दुरुस्ती जिंकली, भार मूळ सांध्याएवढाच का असेना. सांध्यातच पुन्हा फुली उमटली तर वाढलेला भार ही तात्पुरती उधारी. तिसरी शक्यता सर्वांत वाईट: कवच इतकं दणकट झालं की सांधा वाचला आणि ते जिथे संपतं तिथे वरचा कॉलम मोडला. जास्त पैसे खर्चून इमारत अधिक धोकादायक करण्याचा हा राजमार्ग आहे.

प्रयोगशाळेतल्या सांध्याला काही सवलती असतात, हेही सांगायला हवं. त्याच्यावर बहुधा स्लॅब नसतो, आडवे बीम नसतात. चारही बाजूंनी हात पोहोचतो. दुरुस्तीच्या वेळी कॉलमवरचं ओझं काढून घेता येतं. नमुना निम्म्या किंवा दोन-तृतीयांश मापाचा असला तरी तंतू पूर्ण मापाचेच राहतात.

मुंबईतल्या तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत यातली एकही सवलत मिळत नाही. सांध्याच्या एका बाजूला शेजाऱ्याचा माळा, दुसऱ्या बाजूला खिडकीची ग्रिल, खाली भिंत, वर राहती माणसं आणि त्यांच्या कपाटांचं वजन. शिवाय तिथला सांधा भूकंपाने नव्हे, गंजाने खराब झालेला असतो. खारी हवा आणि गळक्या बाथरूमचं पाणी आत शिरतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो आणि काँक्रीट फोडतो. कॉलममध्ये रिंग सर्वांत बाहेर आणि सर्वांत बारीक, त्यामुळे आधी जाते ती तीच. आयएस १८९३च्या २०१६च्या आवृत्तीत मुंबई आणि पुणे दोन्ही भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात आहेत. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्यानंतर सोसायटीपुढे जी अंदाजपत्रकं येतात, त्यांत 'पॉलिमर मॉर्टर' हा शब्द हमखास असतो आणि हल्ली 'फायबरयुक्त' हे विशेषणही.

त्या विशेषणामागचं प्रमाण विचारायला हवं. प्लास्टर तडकू नये म्हणून घालतात ते पॉलिप्रॉपिलीनचे तंतू घनमीटरला साधारण ९०० ग्रॅम. आकारमानाने जेमतेम ०.१ टक्का. वर सांगितलेल्या लांबणाऱ्या मॉर्टरमध्ये दोन टक्के, म्हणजे घनमीटरला सुमारे २६ किलो. पहिलं मिश्रण सुकतानाच्या भेगा रोखतं आणि त्या कामाला ते चांगलं आहे. पण भूकंपात सांधा धरून ठेवण्याचं काम त्याला जमणार नाही.

सोसायटीला सांधा कापून प्रयोगशाळेत नेता येत नाही, पण मॉर्टर जुन्या काँक्रीटला धरून आहे का, हे जागेवरच तपासता येतं. थरातून जुन्या काँक्रीटपर्यंत गोल खाच पाडायची, वर ५० मिलिमीटरची धातूची चकती चिकटवायची आणि छोट्या यंत्राने ती सुटेपर्यंत ओढायची. भारवाही दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या वर्गासाठी युरोपीय मानक चौरस मिलिमीटरला २ न्यूटन पकड मागतं. त्या चकतीवर ही ओढ होते सुमारे ४०० किलो. इथेही आकड्यासोबत सुटलेल्या तुकड्याची खालची बाजू पाहतात. तिला जुनं काँक्रीट चिकटून आलं असेल, तर जोड काँक्रीटपेक्षा दणकट निघाला. तुकडा नव्या-जुन्याच्या सीमेवरून कमी ओढीतच स्वच्छ सुटून आला, तर तो थर टोचून काढायचा, पृष्ठभागाला पुन्हा टाचे मारायचे आणि भरणं नव्याने करून घ्यायचं.